सिरिल साळिंदराने न विकलेला आत्मा

बाळांनो, मांडी घालून बसा. शेपटी असेल तर आत घ्या. कोणाचा तरी पाय पडतो आणि मग गोष्ट अर्धवट राहते.

सात समुद्रांपलीकडे एक बेट होतं. त्या बेटावरच्या जंगलात अकरा महिने धुकं असायचं. बाराव्या महिन्यात ऊन पडायचं. तेव्हा सगळे प्राणी घरात बसून म्हणायचे, "यंदा धुक्याचं काही खरं नाही."

त्या जंगलात सिरिल नावाचं एक साळिंदर राहत होतं. सिरिल भारी लाजाळू. दुकानात गेला की त्याला हवी ती वस्तू मागताच यायची नाही. मेणबत्त्या आणायला जायचा आणि दुकानदार जे पुढे करील ते घेऊन यायचा. त्याच्या आईकडे सतरा केरसुण्या जमल्या होत्या.

पण सिरिल गिटार अशी वाजवायचा की ऐकणाऱ्याच्या मिशा थरथरायच्या. त्याला ती कशी जमली, ते सांगतो. अगदी सोपं आहे. तो रोज पाच तास न्हाणीघरात बसून सराव करायचा. न्हाणीघरात आवाज छान घुमतो. असं त्याने नऊ वर्षं केलं. नऊ वर्षं त्याच्या घरच्यांनी आंघोळी नदीवर केल्या.

तारा छेडायला तो स्वतःच्या पाठीवरचाच काटा वापरायचा. गिटारीची वायर डबक्यातल्या विजेच्या माशाच्या तोंडात द्यायची. आवाज वाढवायचा असेल तर माशाला गुदगुल्या करायच्या. एवढीच यंत्रणा.

शेजारच्या बिळात डेस्मंड ससा राहायचा. तो मागच्या पायांनी रिकाम्या पिंपावर ताल धरायचा. दोघांनी मिळून बँड काढला. नाव ठेवलं 'ओले पाय'. खरंच ओले असायचे, म्हणून.

त्यांचा पहिला कार्यक्रम वसंताच्या जत्रेत झाला. समोर तीनशे प्राणी बसले होते. सिरिलने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. त्याने घाईघाईने पाठ फिरवली आणि पाठमोराच वाजवायला लागला. भीतीने त्याचे काटे ताठ उभे राहिले. त्यातला एक सुटला आणि पहिल्या रांगेतल्या अस्वलबाईंच्या टोपीत घुसला.

अस्वलबाई किंचाळल्या. आनंदाने.

"माझ्या टोपीत! तीनशेजणांमधून माझ्याच टोपीत!"

झालं. लोक बाकांवर चढले. बाक मोडले. मोडलेल्या बाकांवर आणखी लोक चढले.

गर्दीत ग्रिम्सबी नावाचा एक कोल्हा होता. कलावंतांना मोठं करणं हा त्याचा धंदा. कार्यक्रम संपल्यावर तो सिरिलकडे आला.

"पाठ का फिरवलीस रे?"

"भीती वाटली, साहेब."

"हे यापुढे कोणाला सांगायचं नाही," ग्रिम्सबी म्हणाला, आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी 'जंगलगर्जना'त पहिल्या पानावर बातमी आली. सिरिलच्या डोळ्यांत जो थेट पाहील, तो तीन दिवस उलटा चालतो! संध्याकाळपर्यंत जंगलात चाळीस प्राणी उलटे चालत होते. एकमेकांवर आपटून म्हणत होते, "तुम्ही पण पाहिलंत वाटतं?"

पुढच्या कार्यक्रमात सिरिल वायरीत पाय अडकून पडला. गिटारीचे तीन तुकडे झाले. "माफ करा हं, उचलतो," असं म्हणत तो तुकडे गोळा करायला लागला, पण ते कोणाला ऐकूच गेलं नाही. लोक नाचत होते. सिरिलने जुन्या जगाचे तीन तुकडे केले, असं छापून आलं. तेव्हापासून दर कार्यक्रमाला एक गिटार फोडावी लागे. तीही तीनच तुकड्यांत. चार झाले तर लोक पैसे परत मागत.

मग कपाट. ओकच्या झाडावर तिसऱ्या फांदीला एक हॉटेल होतं. तिथे सिरिलचा मोजा कपाटामागे पडला. तो काढायला त्याने कपाट जरासं सरकवलं. फांदी होती उतरती. कपाट थेट खालच्या तळ्यात. त्या दिवसापासून हॉटेलवाले त्याला कपाटापाशी नेऊन उभे करायचे आणि मोठ्या आशेने वाट बघायचे. एका मुंगूसबाईंना तर रडूच आलं.

"शेजारच्यांचं फेकलंत. आमच्याच कपाटात काय कमी आहे हो?"

सिरिलला कोणाला नाही म्हणता यायचं नाही. त्याने कपाट फेकलं. बाईंनी डोळे पुसले आणि त्याला जास्तीची उशी दिली.

आता मुख्य भानगड ऐका.

एका मंगळवारी सकाळी दहा वाजता सिरिल आणि डेस्मंड चौफुल्यावर गाजरं आणायला गेले. तिथे ऑस्वाल्ड नावाचे एक वयस्कर बोकड गाजरं विकायचे. रंगाने काळे. शिंगं चांगली हातभर. दाढी टोकदार. स्वभाव मात्र इतका गरीब की वजनात नेहमी एक गाजर वर टाकायचे. ऑस्वाल्डकाकांनी गाजरं दिली, सिरिलने "आभारी आहे" म्हटलं आणि त्यांच्याशी हात मिळवला.

हे 'जंगलगर्जना'च्या बातमीदाराने झुडपातून पाहिलं.

सिरिलने चौफुल्यावर सैतानाला आत्मा विकला! त्याबदल्यात त्याला अकरावं बोट मिळालं, ते फक्त वाजवताना दिसतं! त्या दिवसापासून सिरिलच्या बोटांचे फोटो काढायला लोक येऊ लागले. मोजल्यावर दहा भरली की म्हणत, "बघा, लपवलं."

आठवड्याभरात ऑस्वाल्डकाका सिरिलच्या दारात उभे. डोळ्यांखाली काळं, म्हणजे होतं त्याहून काळं.

"सिरिल, बाळा, माझं फार वाईट चाललंय रे. दुकानापुढे पहाटेपासून रांग लागते. पण गाजर कोणी घेत नाही. सगळे आत्मे घेऊन येतात."

"आत्मे?"

"हो ना. एकाला ढोल वाजवायचाय, एकाला शीळ घालायचीय. काल एक बदक आलं. त्याला सही मोठी करता यायला हवीय. मी म्हटलं, अरे, सराव कर. तर ते म्हणालं, काका, चेष्टा करू नका, घाई आहे."

सिरिलला वाईट वाटलं. त्याने काकांना दोन केरसुण्या भेट दिल्या. दुसरं काय देणार?

पण खरा घाव पुढेच होता. त्या शुक्रवारी सरावाला डेस्मंड आला तो पिंपाशिवाय. आणि दारातच उभा राहिला.

"सिरिल, मी बँड सोडतोय."

"का रे?"

"मी सैतानाच्या माणसाबरोबर वाजवू शकत नाही. मला मुलं आहेत. सत्तेचाळीस."

सिरिलला आधी ती चेष्टा वाटली. मग त्याने डेस्मंडचे कान पाहिले. दोन्ही मागे पडले होते. ससा खरोखर घाबरला की तसे पडतात.

"डेस्मंड, अरे तू माझ्याबरोबर होतास! आपण गाजरं आणायला गेलो होतो!"

"हो. पण मी गाजरं निवडत होतो, खाली वाकून. तेवढ्यात विकला असशील."

"ते ऑस्वाल्डकाका होते! तू त्यांना काका म्हणतोस!"

"तेच तर," डेस्मंड कुजबुजला. "मी सैतानाला काका म्हणत होतो इतकी वर्षं." आणि तो पळाला.

सिरिल न्हाणीघरात जाऊन बसला. गिटार मांडीवर घेतली, पण वाजवली नाही. पलीकडून कोणी पिंपावर पाय आपटत नसताना वाजवायची त्याला सवयच नव्हती. आईने दार वाजवून विचारलं, "आज आंघोळ केली तर चालेल का?" तो म्हणाला, "करा." तेव्हा आईला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

दुसऱ्या दिवशी सिरिल ग्रिम्सबीकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दुकानात, म्हणजे कचेरीत, जाऊन हवं ते मागितलं.

"साहेब, मला सगळ्यांना खरं सांगायचंय."

ग्रिम्सबी खुर्चीतून पडता पडता वाचला. "खरं? अरे, लोकांनी तुझं काय बिघडवलंय?"

"माझा मित्र गेला."

"दुसरा ससा आणू. सशांना काय तोटा?"

"मला डेस्मंड हवाय," सिरिल म्हणाला. त्याचे काटे उभे राहिले होते, आणि या वेळी भीतीने नाही. ग्रिम्सबीने हळूच टोपी काढून टेबलाखाली ठेवली.

रविवारी दुपारी मोठ्या माळावर कार्यक्रम ठरला. दोन हजार प्राणी आले. निम्मे उलटे चालत आले. सिरिल मंचावर आला. त्याने एक साधी खुर्ची मांडली. डोळ्यांवर घरचा चष्मा लावला. आणि लोकांकडे तोंड करून बसला. त्याच्या डोळ्यांत पाहावं लागू नये म्हणून पहिल्या सहा रांगांनी डोळे झाकले.

"मंडळी," सिरिल म्हणाला. "मी आत्मा विकलेला नाही. ते काका गाजरं विकतात, आणि चांगली असतात, घ्या. कपाट मोज्यापायी पडलं. गिटार वायरीपायी फुटली. मला दहाच बोटं आहेत. मी नऊ वर्षं रोज पाच तास न्हाणीघरात बसून सराव केला. म्हणून मला वाजवता येतं. बस, एवढंच आहे."

मग मागून एक रानडुक्कर ओरडलं, "सैतान वदवून घेतोय त्याच्याकडून!"

"किती नम्र आहे!" अस्वलबाई हुंदके द्यायला लागल्या.

"न्हाणीघर म्हणजे काय, ते समजलं ना?" एक बेडूक शेजाऱ्याला सांगत होतं. "न्हाणीघर म्हणजे नरक. कलावंत असंच बोलतात."

सिरिलने कपाळाला हात लावला आणि वाजवायला सुरुवात केली. साधी चाल होती, हळू. मासाही गुदगुल्यांविना, झोपाळू. लोकांनी थोडा वेळ ऐकलं. मग कोणीतरी ओरडलं, "फोड!" मग दोनशेजण ओरडले, "फोड! फोड!" सिरिलने गिटार छातीशी घट्ट धरली आणि वाजवत राहिला. फोडली नाही.

अर्ध्या तासात माळ रिकामा झाला. ग्रिम्सबी सगळ्यांत आधी गेला.

सिरिल मात्र थांबला नाही. चाल पुढे गेली, वळली, आणि तो चुकला. एक सूर घसरला. त्याच क्षणी माळाच्या पार टोकाकडून धप्प असा आवाज आला. मग पुन्हा धप्प. तालात.

तिथे डेस्मंड उभा होता. मागे सत्तेचाळीस मुलं, उंचीप्रमाणे. तो मंचापाशी आला. एक कान अजून मागे होता, दुसरा उभा राहिला होता.

"तू चुकलास," तो म्हणाला.

"हो रे. तिथे मी नेहमीच चुकतो."

"नऊ वर्षं तिथेच चुकतोस. सैतानाने शिकवलं असतं, तर चुकला नसतास." डेस्मंडने नाक पुसलं. "आपण अकरा गाजरं घेतली होती ना? दोन किडकी निघाली. आठवलं मला."

"सरक," सिरिल म्हणाला, "मुलांना बसू दे." आणि त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत ते वाजवत बसले. सत्तेचाळीस मुलांनी पाय आपटले. एकही तालात नव्हतं. सिरिल इतका हसला की त्याचे सहा काटे गळाले.

सोमवारी 'जंगलगर्जना'त बातमी आली. महान सिरिल माळावर येताना दरीत पडून वारला! मंचावर बसलेलं चष्मेवालं साळिंदर तोतया होतं!

जंगल रडलं. ग्रिम्सबी सगळ्यांत जास्त रडला, आणि रडता रडता त्याने पुतळ्याची मागणी नोंदवली. पुतळा दगडी, पाठमोरा, अकरा बोटांचा. लोक सांत्वनाला सिरिलच्या घरी आले. आई दारात म्हणाली, "अहो, तो आत जेवतोय."

"बिचारी," लोक म्हणाले. "धक्का सहन झालेला नाही."

मागून सिरिल वाटी घेऊन आला. "आई, आमटी आहे का अजून?" लोकांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "माउलीला सांभाळा हो. तुम्हीच तिला आता मुलासारखे."

सिरिलने खूप विचार केला. मग त्याच्या लक्षात आलं की मेल्यापासून त्याला कोणी कपाटापाशी नेलेलं नाही. त्याला छान झोप लागायला लागली. दर गुरुवारी दुपारी तो आणि डेस्मंड नदीच्या पुलापाशी वाजवायला बसू लागले. येणारे-जाणारे थांबत, थोडं ऐकत, मान हलवत. "बरं वाजवतो हा. पण मेलेल्याची सर नाही."

एका गुरुवारी एक म्हातारी चिचुंद्री पुलावरून चालली होती. तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, त्यामुळे तिने आयुष्यात वर्तमानपत्र वाचलं नव्हतं. ती काठी टेकून थांबली. सबंध चाल ऐकली. चूकसुद्धा ऐकली.

"छान वाजवतोस रे," ती म्हणाली. "कुठे शिकलास?"

सिरिलने डेस्मंडकडे पाहिलं. डेस्मंडने श्वास रोखून धरला.

"घरीच, आजी. रोज बसून. नऊ वर्षं."

"असं होय," चिचुंद्री म्हणाली. "तरीच." आणि आपल्या वाटेने गेली.

सिरिलने गिटार खाली ठेवली, चष्मा काढला, आणि लहान मुलासारखा पुलावर उड्या मारायला लागला.

तात्पर्य: मेहनत भरपूर करावी, पण दार लावून. ती उघडकीस आली तर मोठ्या कलावंताचं नाव खराब होतं.