दाढीतली चाई

तक्रार विभागातल्या कारकुनाच्या दाढीत, डाव्या कानाखाली, बटणाएवढी जागा गुळगुळीत झालेली सलूनवाल्याला दिसली.

"चाई पडलीय साहेब," तो कात्री थांबवून म्हणाला. "कसली काळजी करता?"

कारकुनाला कसलीच काळजी नव्हती. ती त्या क्षणापासून लागली. घरी आल्यावर बायकोने त्याचा गाल आधी खिडकीच्या उजेडात, मग भिंगातून पाहिला आणि त्याला तडक दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. थायरॉईड ठीक, बाकीही सगळं ठणठणीत निघालं. शरीराचे शिपाई कधीकधी चुकून आपल्याच केसांच्या मुळांवर तुटून पडतात. काही महिन्यांत केस बहुधा परत येतात, असं त्यांनी समजावलं. हे ताणामुळे होतं का, असं बायकोने विचारलं. असेलही, नसेलही, असं उत्तर मिळालं. त्यातलं 'असेलही' तेवढं ती घरी घेऊन आली.

त्या दिवसापासून घराचा नूरच पालटला. न्हाणीघरावरून रोज एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या दोघी मुली कुजबुजत भांडू लागल्या. कुजबुजत भांडण्यात मजा येईना, म्हणून थांबल्याच. साक्षात सासूबाईंनी रेडिओचा आवाज कमी केला. दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खाऊन माणसाची दाढी झडली, हे कचेरीत कळल्यावर साहेब हबकले. त्यांनी आधी स्वतःची हनुवटी चाचपली आणि मग कारकुनाला जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. तिथे खिडकी होती, फोन नव्हता. कारकून गाणी गुणगुणत फायली लावू लागला. त्याच्या अंगावर चांगलं मूठभर मांस चढलं.

तिसऱ्या महिन्यात घात झाला. त्या जागेवर बारीक पांढरी लव उगवली. कारकुनाचं धाबं दणाणलं. चार दिवस त्याने गालावर हात ठेवून काढले. पाचव्या सकाळी न्हाणीघराची कडी लावून त्याने वस्तऱ्याने ती लव साफ केली. मग ते रोजचंच झालं. मन खात होतं, पण हात थांबत नव्हता.

एका रविवारी बायकोने बाहेरून कडी वाजवली. त्याने घाईघाईने साबण पुसून दार उघडलं. ती आत आली, त्याच्या हातातला वस्तरा काढून घेतला आणि त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला.

"कधीपासून माहितेय तुला?" त्याने पडेल आवाजात विचारलं.

"महिना झाला. बोट बोट सरकत तुमची चाई कानाखालून हनुवटीपर्यंत आलीय." तिने वस्तरा अलगद टेकवला. "हलू नका. मुलींच्या परीक्षा संपेपर्यंत तरी ती एका जागी राहिली पाहिजे."