दुर्गंधी वायूची कुपी आणि देवडीवरचे शहाणपण

श्रीकृपेचा भरवसा धरून, आपल्या अकलेचा न धरिता, घडले तैसे लिहितो. शके सोळाशे नव्याण्णव, माघ शुद्ध पंचमी, ते दिवशी श्रीमंत महाराज सदरेवर बोलता बोलता मस्तकास हात लावून कोसळले आणि वैद्यीण सगुणाबाई यांस पाचारण जाहले. त्यांनी पाहून सांगितले की, मस्तकातील नाडी फुटली, रक्त वाहून थांबले, परंतु खरा घात पुढेच, कां की सांडल्या रक्ताने चौथे रोजापासून उरल्या नाड्या आवळतात आणि मेंदूचे धड भाग उपाशी मरतात. मग उपाय पुसता म्हणाल्या, शरीर आपले ठायी काही वायू कणभर उत्पन्न करिते आणि ते नाड्यांस सैल होण्याचा निरोप देतात. त्यांतील एकास कुजक्या अंड्यांची घाण येते, फार घेतला तर प्राण घेतो, परंतु कणभर दिल्याने सशांचे मेंदू वाचले, माणसास अद्याप कोणी दिला नाही. हे ऐकोन सदर हसली आणि सर्वांत मोठ्याने आम्ही हसलो, कां की आम्ही देवडीवरचे दारोगे, आपल्या नाकाचा आम्हांस मोठा गर्व. राणीसाहेब मात्र हसल्या नाहीत. त्यांनी द्यावयाची आज्ञा केली.

चौथे रोजी सगुणाबाईंच्या घरून एकच कुपी आली, दुसरी भरावयास आठ रोज लागत. दरबारची चाल ऐसी की, महाराजांच्या दालनात जाणारी प्रत्येक वस्तू आम्ही उघडून हुंगावी, मग आत सोडावी. सबब आम्ही बूच काढिले आणि हुंगिले आणि डोळ्यांस पाणी आले. ऐसी घाण धन्यासमोर न्यावी कैसी, म्हणोन खिडक्या उघडविल्या, पंख्याने वारा घालून कुपी निर्मळ केली, आणि औषध तळाशी असेलच ऐसे समजोन वरून गुलाबाचे अत्तर घातिले, मग चांदीच्या तबकात ठेवून आत पाठविली. शाबासकी मिळेल म्हणोन मागोमाग आपणही गेलो.

सगुणाबाईंनी कुपी नाकाशी नेऊन पुसिले, "आतला वायू कोठे गेला?"

आम्ही मान ताठ करून सांगितले, "बाई, घाण काढून टाकिली."

त्या रिकामी कुपी हाती घेऊन खाली बसल्या.

अस्तमानापूर्वी महाराजांची वाचा गेली आणि उजवा हात पडला, प्राण मात्र राहिले. मग आम्ही सगुणाबाईंचे पाय धरून पुसिले की, वायू दिला असता तर वाचा राहती काय. त्या म्हणाल्या, "राहती की न राहती, मला ठाऊक नाही. तेच तर आज कळावयाचे होते."

राणीसाहेबांनी शिक्षा दिली नाही. महाराज रोज आम्हांस पाहून हाक मारू जातात आणि नाव ओठी येत नाही, आणि आम्ही हाक ऐकिल्यासारखे "जी महाराज" म्हणतो.

येणेप्रमाणे जाहले ते लिहिले. पदरचे काही घातले नाही. एकदा घातले तेवढे पुरे.