झिजेचे वाचन

टायरची झीज ही वाचण्याची गोष्ट आहे, हे माझे मत मी अनेकांना ऐकवले आहे, आणि त्यांपैकी एकदोघांनी ते शेवटपर्यंत ऐकूनही घेतले आहे! टायर मधोमध झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडांनी झिजला तर हवा कमी. आणि एकाच कडेने झिजला, तर चाक वाकडे चालते आहे, असा निःसंदिग्ध अर्थ निघतो. आमच्या पिकअपचा पुढचा डावा टायर एकाच कडेने झिजला होता. आमच्या घरावरून जाणारा खाणीकडचा दगडधोंड्यांचा रस्ता रोज तुडवल्यावर दुसरे काय होणार?

पिकअप बायकोची. ती तिच्यातून काचांची ने-आण करते. त्या दुपारी एका नृत्यशाळेचा भिंतभर आरसा तिला पोचवायचा होता. तो अखंड पोचला, तर काचवाले शेठ वर्षभराचे काम तिलाच देणार होते. तडकला, तर आरसाही गेला आणि कामही!

“सकाळीच वर्कशॉपमधून अलाइनमेंट करून आणते,” ती म्हणाली.

“कशाला? मी करतो!”

“अहो, नको.”

“‘नको’ हा युक्तिवाद नव्हे!”

“मग निदान ती चप्पल तरी बदला. पार घासलीय.”

“विषयांतर करू नकोस!”

माझी पद्धत शास्त्रशुद्ध होती. घरामागच्या माळावर चुन्याच्या फक्कीची एक सरळ रेघ मारायची. बायकोने स्टिअरिंग सरळ धरून गाडी तिच्यावरून न्यायची. आणि गाडी रेघेला जितकी सोडील, तितका चाकाची दिशा ठरवणारा दांडा पान्याने फिरवायचा. तळाला भोक पाडलेला डबा हातात घेऊन मी निघालो. माळ इतका ओबडधोबड, की पाय मुरगळू नये म्हणून नजर पायांवरच ठेवावी लागली. परंतु ज्याचे विचार सरळ, त्याची रेघही सरळ, याविषयी मला शंका नव्हती.

बायकोने गाडी हाकली. गाडी निघाली ती रेघ सोडून उजवीकडे!

“पाहिलंस? केवढा दोष!” मी विजयी स्वरात म्हणालो.

“मला तर ती सरळ गेल्यासारखी वाटली,” ती बुचकळ्यात पडून म्हणाली.

“जावईबापू, एकदा रेघ तपासा की,” मागच्या पायरीवर बसलेले सासरे म्हणाले.

“मामा, रेघ हे प्रमाण आहे! प्रमाण तपासायला दुसरे प्रमाण कुठून आणणार?”

सासऱ्यांनी हात जोडले. माझ्याशी वाद घालून जे थकतात त्यांत ते सर्वांत समंजस. मी दांडा फिरवला. गाडी पुन्हा उजवीकडे! आणखी फिरवला. कोपरापर्यंत ग्रीस, मिश्यांवर फक्की! अखेर गाडी अशी तंतोतंत रेघेवरून गेली, की मी माळावर एकट्याने टाळ्या वाजवल्या.

दुपारी शेठनी आरसा चढवला आणि आरशाच्या काळजीने ते स्वतःही पुढे बसले. मी मागे, आरशाला धरून. गाडी सपाट डांबरी रस्त्याला लागली मात्र, आणि हट्टी बैलासारखी डावीकडच्या गटाराकडे निघाली!

“ताई, गटार!” शेठ किंचाळले.

“दिसतंय हो! ओढतेय ना मी!”

“अगं, रस्ता वाकडा असेल!” मी मागून ओरडलो.

चाक गटाराच्या काठावर आले आणि बायकोने करकचून ब्रेक दाबला. आरसा थरथरला, मी त्याहून अधिक थरथरलो. पण तडा कोणालाच गेला नाही.

शेठ घाम पुसत उतरले. “गाडी सरळ कोणी केली?”

“यांनी.”

“आणि त्याआधी वाकडी होती?”

“तेच तर कळत नाहीये!”

मलाही कळेना. माळावर सरळ जाणारी गाडी रस्त्यावर वाकडी कशी? माळ खोटा की डांबर? एवढ्यात बायकोचा फोन वाजला. पाण्याची टाकी पाहायला सासरे गच्चीवर गेले होते. तिने स्पीकर लावला.

“पोरी, जावईबापूंना सांग, इथून रेघ अख्खी दिसतेय. कोयत्यासारखी आहे! वळलीय डावीकडे!”

“अशक्य!” मी गाडीतून खाली उडी मारली आणि ताडताड मागे चालत गेलो. “मी नाकासमोर चालतो. हे पाहा!” असे म्हणून वळलो आणि गाडीच्या दिशेने चालू लागलो. समोर भिंतभर आरसा. त्यात एक पांढऱ्या मिश्यांचा इसम मोठ्या आत्मविश्वासाने तिरपा तिरपा रस्त्याकडेच्या खांबाकडे चालला होता!

बायकोने मला थांबवले, वाकून माझ्या पायातली डावी चप्पल काढली आणि तिचा तळ वर करून माझ्या नाकासमोर धरला. ती एकाच कडेने, पार अंगठ्यापासून टाचेपर्यंत, झिजलेली होती.

“वाचा!” ती म्हणाली.

मी वाचले. अर्थ निःसंदिग्ध होता.

गाडी कशीबशी वर्कशॉपपर्यंत नेली, तिथे ती खरोखर सरळ झाली आणि आरसा अखंड पोचला. शेठनी वर्षभराचे काम बायकोलाच दिले, अट एकच. “दाजींनी गाडीला हात लावायचा नाही.”

परतताना बायकोने मला नव्या चपला घेऊन दिल्या. उत्तम आहेत. फक्त त्या घातल्यापासून मी किंचित उजवीकडे जातो. पण हे मी घरी अद्याप कोणाला बोललेलो नाही, आणि आपणही बोलू नये, ही नम्र विनंती!