शांत झोपेची जाहिरात

टिंग.

दोन तास मांडीवर डोलवल्यावर नुकताच डोळा लागलेल्या बाळानं भुवई हलवली. आईनं श्वास रोखला. फोन मुका करायचं रोज ठरायचं, रोज राहून जायचं. शिलाई मशीनवर शेजारणीच्या तान्हीसाठीचं दुपटं अर्धवट पडलं होतं. तिची पहिलीवहिली ऑर्डर, आज संध्याकाळी द्यायची. बाळ झोपेल तेवढाच वेळ तिचा.

मेसेज गादीवाल्यांचा होता. ‘ताई, शांत झोप हवी?’ आजचा सातवा.

गादी तिनं यांच्याकडूनच घेतली होती, मागच्याच महिन्यात. चांगली होती हो गादी. पण झोपलेल्या माणसाला उठवून कुणी झोप विकायला लागलं, की चांगली गादीसुद्धा पाठीला टोचायला लागते.

तिनं ‘थांबवा’ असं लिहून पाठवलं. ‘प्रतिसादाबद्दल आभार’ आलं आणि पाठोपाठ फोनच वाजला. बाळानं भोकाड पसरलं.

“मॅडम, आपण आमच्या गादीत रस दाखवलात...”

“रस? अहो, मी थांबवा म्हणून लिहिलंय.”

“हो, पण उत्तर दिलंत ना. उत्तर देणाऱ्यांना आम्ही फोन करतो. मागे कोण रडतंय?”

“माझं बाळ. तुम्हीच उठवलंत.”

“मग लहान मुलांची गादी पण आहे बघा आपल्याकडे.”

“ऐका. तुमची गादी चांगली म्हणून मी दहा जणींना सांगितलंय. आता त्याच दहा जणींना सांगणार, अजिबात घेऊ नका. इतकं हात धुऊन मागे लागता, म्हणजे मालातच काहीतरी खोट असणार.”

“चालेल मॅडम. त्या दहा जणींचे नंबर देता?”

तिनं फोन ठेवला. मशीनखाली चित्र रंगवत बसलेल्या सहा वर्षांच्या लेकीनं विचारलं, “ते लोक वाईट आहेत?”

“वाईट नाहीत गं. कोडगे आहेत. नको म्हटलेलं कळत नाही त्यांना.”

बाळ कसंबसं पुन्हा झोपलं. मशीनच्या खडखडाटात त्याला छान झोप लागायची. उठायचं ते टिंगला. शेवटची शिवण मारून तिनं दुपटं अलगद पसरलं. कोपऱ्यातला पिवळा ससा अगदी मनासारखा जमला होता. तिनं फोटो काढला, खाली ‘तुमच्या बाळाला शांत झोप’ असं लिहिलं आणि रोजच्यासारखा ओळखीतल्या ऐंशी जणींना पाठवला. नमुन्यांचे चार फोटो सकाळपासून गेलेच होते, आजचा हा पाचवा.

भिंतीपलीकडे टिंग झालं.

मग शेजारणीच्या तान्हीनं जे रडणं सुरू केलं, ते थांबेचना.

लेकीनं रंगखडू खाली ठेवला.

“आई, काकूनं ‘थांबवा’ लिहिलं, तर तू थांबशील?”