एका आडनावाचे एकशे बारा मानकरी

आपल्या आडनावाच्या थोर माणसांची सूची छापावी, असा ठराव आडनाव मंडळाने एकमताने केला. एकमत होणारच, सातही कार्यकारिणी सदस्यांची नावं ठरावातच घातलेली होती.

त्याच आडनावाच्या एका बसचालकाने आईसाठी अर्ज भरला. आईने चाळीस वर्षं प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून काढली होती. निम्मं गाव तिच्या हातून जगात आलं होतं. आता ती अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी जेमतेम महिना सांगितलेला. तिने डोळे मिटायच्या आत छापलेलं नाव तिला दाखवायचं, एवढीच त्याची तडफड होती.

चिटणिसांनी चष्मा पुसून अर्ज वाचला. आडनाव लग्नाने मिळालेलं, सबब बाई मूळच्या नव्हेत, असा शेरा मारला. मग या घराण्यात जन्मलेल्या एक नामवंत सर्जनबाई आहेत, त्या सूचीत का नाहीत, असं चालकाने विचारलं. त्यांनी लग्न करून आडनाव सोडलं, असं उत्तर मिळालं. म्हणजे आलेलीही परकी आणि गेलेलीही परकी. सूचीत एकशे बारा पुरुष कसे जमले, हे त्याला आत्ता कळलं.

"बरं, खास बाब म्हणून बघू," चिटणीस म्हणाले. "वर्तमानपत्रातली कात्रणं आणा."

कात्रण एकही नव्हतं. बाळ-बाळंतीण सुखरूप, ही काय बातमी झाली? उलट ज्या ठेकेदाराचा पूल उद्घाटनानंतर तिसऱ्या दिवशी नदीत बसला, त्याची सतरा कात्रणं होती. त्याला 'सर्वदूर परिचित' म्हणून अख्खं पान दिलं होतं. चालकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आईसाठी त्याने राग गिळला.

"एक वाट आहे," चिटणीस कळवळून म्हणाले. "'मान्यवरांच्या माता' असं सदर आहे. तुम्ही मान्यवर झालात की त्या आपोआप आल्या. तुमची बस कुठे धडकली वगैरे?"

"बावीस वर्षांत एकदाही नाही."

"मग कसं व्हायचं हो तुमचं."

सूची छापून आली. चालकाने आईच्या उशाशी बसून ती वाचून दाखवली. अध्यक्षांचा फोटो पाहून तिला हसू आलं.

"हा पायाळू. निळा पडला होता मेला, रडेचना. थोपटून थोपटून माझे हात दुखले."

"आई, तुझं नाव घेतलं नाही त्यांनी."

"त्यांना ठाऊक तरी आहे का?"

चौथ्या दिवशी ती गेली. अध्यक्षांच्या कानावर घातलं, तेव्हा ते म्हणाले, "कोण बरं?"

हसलात ना त्यांना? खुशाल हसा. फक्त त्याआधी, जन्मल्याबरोबर तुम्हाला ज्या बाईने हातात धरलं, तिचं नाव सांगा. आडनाव राहू द्या.