आबा वर गेले

लोटन आबा वर गेले आणि जळगावच्या डाळमिलमध्ये डिझेलची फोर्कलिफ्ट आली! असं काही घडलंच नाही, असं तेव्हाच्या गोदाम-मॅनेजर प्रेमराजचं म्हणणं आहे. आपणही तसंच धरून चालू.

तर प्रेमराजला विजेचीच हवी होती. धूर नाही, खडखडाट नाही! त्याने मिलमालक रतिलालशेठना छातीठोकपणे सांगितलं, "चाचणीत विजेची पास झाली नाही, तर मला परत वजनकाट्यावर बसवा!"

"बसवतो," शेठ म्हणाले.

चाचणीच्या सकाळी विजेची आणि डिझेलची, दोन्ही यंत्रं गोदामात उभी होती. हमालांचे मुकादम लोटन आबा विजेच्या फोर्कलिफ्टला प्रदक्षिणा घालून थांबले.

"हाई चालू शे का बंद?"

"चालू आहे, आबा."

"आवाज नही म्हंजे बंदच शे!"

असा निकाल देऊन आबा तिच्या पुढच्या काट्यांवर रचलेल्या पोत्यांवर टेकले आणि तंबाखू मळू लागले. पोत्यांच्या थप्पीआड चालकाला आबा दिसेनात. त्याने दांडा ओढला. दूध उतू जावं तसे आबा बिनबोभाट वर चढले आणि पंधरा फुटांवर बॅटरी संपली!

प्रेमराजने शेठना फोन लावला. "शेठ, आबा वर गेले!"

"अरे देवा! कसे?"

"बसल्या बसल्या! कुणाला कळलंसुद्धा नाही. चेहरा एकदम शांत!"

"पुण्यवान माणूस," शेठ गहिवरले आणि दहा मिनिटांत निशिगंधाचा हार घेऊन हजर झाले. "कुठे ठेवलंय?"

"वरच आहेत."

"राम राम, शेठ!" छताजवळून आवाज आला. हार शेठच्या हातून सुटला आणि बंद पडलेल्या यंत्रावरच पडला.

आबांचं लक्षच नव्हतं. खाली गोदामभर तुरीची डाळ पसरली होती.

"बठ्ठं सोनं शे रे, सगळं सोनं! चाळीस वरीस पोतं मना डोकावर व्हतं. आज मी पोतावर शे! माले उतारू नका!"

सगळे हमाल तोंडं उघडी टाकून वर बघत राहिले. शेठनी तर टोपी काढली.

"पण रात्रभर चार्जिंगला लावली होती ना!" प्रेमराज रडकुंडीला आला.

"रातले घर जाताना बठ्ठा बटन मी बंद करीसन गऊ," वरून अभिमानाने उत्तर आलं. "रोज करस!"

शेवटी डिझेलची खोकत, धूर ओकत आली आणि आबांना उतरवून गेली. शेठनी जागीच निकाल दिला, "वर नेणारी शोभेची, खाली आणणारी कामाची!"

हल्ली प्रेमराज वजनकाट्यावर असतो. तिथेच बसून त्याने शेठच्या नावे आबांचा अर्ज लिहून दिला:

"विषय: अर्जदारास दर सोमवारी दहा मिनिटे पंधरा फूट उंचीवर ठेवणेबाबत. महोदय, डिझेलची गाडी चालेल; मात्र तिने त्या वेळेत आवाज व धूर करू नये, असे लेखी आदेश गाडीस देण्यात यावेत, ही नम्र विनंती."