चेंडू भिंतीपलीकडे

कंधारजवळच्या आमच्या शाळेत चेंडूफेकीची चाचणी होती. सगळ्यांत लांब फेकणारा एकच जण नांदेडला स्पर्धेला जाणार होता. क्रीडाशिक्षक विरूपाक्ष सरांनी मुलांसाठी पांढऱ्या फक्कीचा पट्टा थेट भिंतीपर्यंत आखला. मुलींचा मैदानाच्या मध्यापर्यंतच, कारण पुढची फक्की वाया गेली असती. मुलांचे हात दुखू नयेत म्हणून पाण्याचे जार तेवढे मुलींनी वाहिले.

वीरेशचा चेंडू भिंतीच्या अलीकडे पडला. टाळ्या झाल्या. मग आठवीतल्या अंबिकेनं फेकला. थोड्या वेळानं भिंतीपलीकडचे पंक्चरवाले करीमचाचा फाटकात आले, हातात चेंडू.

"कुणाचा हो? माझ्या पत्र्यावर पडला."

"पट्ट्याबाहेर पडला, सबब फेक अवैध," सर म्हणाले.

"पण सर, पट्टाच संपला व्हता की," अंबिका म्हणाली.

मुख्याध्यापिका विशाखा मॅडमनी समजूत घातली, "बाळ, मुलींच्या खांद्यात निसर्गतःच तेवढी ताकद नसते. वारा असणार."

वाऱ्याची रीतसर चौकशी झाली. तो फक्त मुलींच्या फेकीच्या वेळी वाहिला, असं निष्पन्न झालं. अंबिकेला पट्ट्यात बसेल अशी फेक पुन्हा करायला सांगितलं.

"हळू फेकू का मग? मला नांदेडला जायचंय, सर. लई दिवसांपासून सराव करून राहिले."

"म्हणूनच नियमात फेक."

तिनं हळू फेकला. मुलींच्या मानानं छान, असा शेरा मिळाला. तेवढ्यात वीरेश पुढं आला. "सर, तिचाच लांब गेला व्हता. म्या बघितला."

या खिलाडूवृत्तीनं मॅडमचे डोळे भरून आले. असा मुलगा नांदेडला गेलाच पाहिजे, यावर एकमत झालं.

निरोपाच्या दिवशी वीरेशला ओवाळायचा मान अंबिकेला दिला. तिचे डोळे लाल होते, तरी कुंकू सरळ लागलं. वीरेशच्या दंडाला ताण नको म्हणून त्याची बॅगही तिलाच उचलायला सांगितली. तिनं ती एका हातानं जीपच्या टपावर भिरकावली. सर दुसरीकडे बघत होते.

आता तुमचं. अंबिकेचा बांधा आम्ही कुठंच सांगितलेला नाही. तरी मनातल्या मनात तुम्ही तिला आडदांड, पोरासारखी करून टाकलीच असेल. अहो, काडीपैलवान पोर ती, वर्गात पहिल्या बाकावर बसते.

मग वाराच असेल, असं वाटलं ना?